१०० मिमीचा ग्राइंडर आणि कंपनीची सर्व्हिस: बिघाडानंतरचं परीक्षण

हातात धरून धातू कापायचा-घासायचा ग्राइंडर, १०० मिमी चकतीचा, ८५० वॅटचा, सरकत्या स्विचचा. काम चालू असताना कार्बनपाशी (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणाऱ्या तुकड्यांपाशी) ठिणग्या वाढल्या, वार्निश जळाल्याचा वास आला आणि मशीन थांबलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) बदलून दिलं. थोड्याच वापरात नवं आर्मेचरही तसंच काळं पडलं. खरा दोष फील्डमध्ये, म्हणजे आर्मेचरभोवतीच्या स्थिर कॉइलमध्ये होता आणि फील्ड कुणी मोजलीच नव्हती.

म्हणून हे परीक्षण दोन गोष्टींचं आहे. मशीन उघडायला, तपासायला आणि परत जोडायला कसं आहे, ही एक. बिघाड झाल्यावर कंपनी काय करते, ही दुसरी. कंपनीचं नाव दिलेलं नाही. सरकत्या स्विचच्या बहुतेक ग्राइंडरची आतली रचना इतकी सारखी असते की खालचं जवळजवळ सगळं कोणत्याही कंपनीच्या मशीनला लागू पडेल. निकाल आधीच सांगतो. मशीन चांगलं आहे, सुट्या भागांची व्यवस्था बरी आहे, पण निदानाच्या बाबतीत सेंटर नापास. जळालेलं आर्मेचर हा बहुतेक वेळा परिणाम असतो, आणि कारण न शोधता तो भाग बदलणं म्हणजे पुढचं आर्मेचर जाळायची तयारी.

रचनेबद्दल तक्रार फारशी नाही. मागचं झाकण एका स्क्रूवर आहे. ते सरकवलं की केबल, स्विच आणि दोन्ही कार्बन समोर येतात. पुढे हेडचे (गिअर असलेल्या पुढच्या भागाचे) चार स्क्रू काढले की आर्मेचर हेडसकट सरळ बाहेर ओढता येतं. फील्ड दोन लांब स्क्रूंनी बॉडीत बसवलेली आहे. चिकटवलेला किंवा मोडूनच काढावा लागेल असा भाग कुठेही नाही. खटकणारी गोष्ट एकच: कार्बनला बाहेरून टोप्या नाहीत. ज्या ग्राइंडरच्या बॉडीवर दोन्ही बाजूंना स्क्रूच्या टोप्या असतात, त्यांचे कार्बन मशीन न उघडता बदलता येतात. इथे झाकण काढावंच लागतं, आणि वॉरंटीत असलेलं मशीन 'उघडलं' म्हणजे काय यावरून सेंटरशी वाद व्हायची जागा तिथेच तयार होते.

बाहेरून आत

बंद पडलेला ग्राइंडर लगेच खोलायचा नाही. प्लग काढलेला असताना मल्टीमीटर ओहमवर लावून प्लगच्या दोन पिनांमध्ये मोजायचं आणि स्विच पुढे सरकवायचा. एक अंकी ओहम दिसले तर केबल, स्विच, कार्बन, फील्ड आणि आर्मेचर अशी पूर्ण साखळी जोडलेली आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर साखळी कुठेतरी तुटली आहे, आणि ती शोधायचा क्रमही हाच ठेवायचा.

केबल बहुतेक वेळा मशीनमध्ये शिरते तिथेच, रबरी गार्डच्या आत तुटते, कारण वाकणं-सरळ होणं सगळं तिथेच चालतं. मीटर लावलेला ठेवून केबल तिथे हलवली की आकडा उडी मारतो. तेवढा तुकडा कापून उरलेली केबल पुन्हा जोडता येते. मात्र क्लॅम्पमध्ये बाहेरचं आवरण पकडलं गेलं पाहिजे. नुसत्या आतल्या तारा पकडल्या तर पहिल्याच ओढीला जोड निसटतो. नवी केबल घ्यायची तर रबरी आवरणाची घ्या. साध्या पीव्हीसीला गरम ठिणगी लागली की भोक पडतं.

स्विचमध्ये लोखंडाची बारीक धूळ शिरते. संपर्क जळतात, किंवा सरकणारी दांडी अडकते. चालू स्थितीत स्विचचा रोध शून्याच्या जवळ आणि स्थिर हवा. हलवल्यावर आकडा बदलत असेल तर स्विच बदला. आतले संपर्क कानस मारून साफ करायचा मोह टाळा, त्यावरचा चांगला थर निघून जातो आणि नंतर ते लवकर जळतात. बंद केल्यावर लगेच मागे न येणारा स्विच असलेला ग्राइंडर एकदाही चालवू नये. वीज गेली, आली, आणि खाली ठेवलेलं मशीन आपोआप सुरू झालं, तर ते जमिनीवर धावतं.

आता कार्बन. नवा कार्बन साधारण १३ ते १५ मिमी लांब असतो. ५-६ मिमी उरला, किंवा त्यावरच्या खुणेच्या रेषेपर्यंत आला, की जोडीने बदलायचा. एक नवा आणि एक जुना असं कधीही नाही. बऱ्याच कार्बनमध्ये आत स्प्रिंगवरची प्लॅस्टिकची बारीक खिळी असते. कार्बन ठरावीक लांबीपर्यंत झिजला की ती खिळी बाहेर येते, कार्बन कॉम्युटेटरवरून (आर्मेचरच्या टोकाच्या, तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावरून) उचलला जातो आणि मशीन एका क्षणात गप्प होतं. वास नाही, धूर नाही, आधी कुरकुरही नाही. अशी किती मशीनं 'आर्मेचर गेलं' म्हणून सेंटरला जातात आणि नुसत्या कार्बनवर परत येऊ शकली असती! अचानक आणि स्वच्छपणे थांबलेल्या ग्राइंडरमध्ये पहिला संशय कार्बनवर घ्या.

कार्बन काढताना तो होल्डरमध्ये कोणत्या बाजूने बसला होता याची खूण करून ठेवा. टोक कॉम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे घासलेलं असतं, उलटा बसवला तर पुन्हा ठिणग्या. होल्डरमध्ये तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडकत असेल तर होल्डरची पितळी खाच साफ करा, कार्बन घासून बारीक करू नका. स्प्रिंग निळसर पडली असेल तर ती तापून ढिली झाली आहे. नवा कार्बन घातल्यावर दहा-पंधरा मिनिटं बिनभाराने चालवा, म्हणजे टोक बसतं. या काळातल्या थोड्या जास्त ठिणग्या पाहून घाबरायचं कारण नाही.

ठिणग्या वाचायच्या कशा

मागच्या झरोक्यांतून दिसणारी निळसर, बारीक, कार्बनच्या कडेपाशीच राहणारी ठिणगी या जातीच्या मोटरला साहजिक आहे. पिवळी-नारिंगी होऊन कॉम्युटेटरभोवती कड्यासारखी फिरणारी ठिणगी म्हणजे आर्मेचरचं वेटोळं शॉर्ट (तारा आपसांत चिकटलेल्या) किंवा ओपन (तार तुटलेली), किंवा कॉम्युटेटरच्या पट्ट्यांच्या मधल्या खाचा धुळीने भरलेल्या. मशीन लगेच बंद करा. त्या अवस्थेतलं प्रत्येक मिनिट तांबं खातं.

आर्मेचर बाहेर काढल्यावर कॉम्युटेटरचा रंग पाहा. चॉकलेटी, तुकतुकीत थर हा आरोग्याचा रंग आहे, तो घासून काढायचा नसतो. सगळीकडे सारखा काळा थर असेल तर कार्बन झिजलेला, स्प्रिंग कमजोर किंवा आत धूळ. शेजारशेजारच्या एक-दोन पट्ट्याच जळलेल्या असतील तर त्यांना जोडलेलं वेटोळं तुटलं आहे, किंवा पट्टीपाशी तारेचा जोड सुटला आहे. कॉम्युटेटरवर नख फिरवल्यावर एखादी पट्टी वर आलेली लागली तर ती पट्टी उष्णतेने उचलली गेली. असं आर्मेचर घरी वाचत नाही.

साधा काळेपणा ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, आर्मेचर फिरवत, हलक्या हाताने काढता येतो. एमरी वापरू नका, तिचे कण खाचेत अडकले की दोन पट्ट्यांमध्ये वाट तयार होते. मग पट्ट्यांच्या मधल्या खाचा लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोकदार काडीने एकेक करून मोकळ्या करायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण बऱ्याचदा दोष तिथेच मिटतो.

आर्मेचर आणि फील्ड: इथे वेळ घालवा

साधा मल्टीमीटर इथे कमी पडतो. शेजारच्या दोन पट्ट्यांमधला रोध ओहमच्या अंशात असतो आणि मीटरच्या वायरीच त्याहून जास्त दाखवतात. त्यापेक्षा चांगली आणि स्वस्तात होणारी पद्धत अशी: १२ व्होल्टची बॅटरी घ्या, सिरीजमध्ये गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा, आणि दोन टोकं कॉम्युटेटरवर बरोबर समोरासमोरच्या पट्ट्यांना लावा. बल्बमुळे करंट एक-दीड अँपिअरच्या आसपास मर्यादित राहतो. आता मीटर मिलिव्होल्टवर ठेवून शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्ये एकेक करून मोजा. सगळीकडे जवळपास सारखे आकडे आले तर आर्मेचर ठीक. एखाद्या जोडीत आकडा एकदम घसरला तर ते वेटोळं शॉर्ट. अर्ध्या घेरात सगळीकडे शून्य आणि एकाच जोडीत मोठा आकडा आला, तर त्या जोडीमधलं वेटोळं ओपन.

फील्डला हीच बॅटरी आणि हाच बल्ब चालतो. या ग्राइंडरमध्ये फील्डच्या दोन कॉइल आर्मेचरच्या दोन्ही बाजूंना सिरीजमध्ये आहेत. प्रत्येक कॉइलमधून हाच करंट सोडून तिच्यावरचा व्होल्टेज मोजायचा. दोन्ही कॉइल एकसारख्या गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे आकडेही सारखेच यायला हवेत. थोडाफार फरक तापमानाचा असू शकतो, म्हणून फील्ड पूर्ण थंड असताना मोजा. पाच टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर कमी आकड्याच्या कॉइलमध्ये काही वेढे शॉर्ट आहेत असं धरायला हरकत नाही.

हे मोजणं इतकं महत्त्वाचं का, ते समजून घ्या. फील्डचे काही वेढे शॉर्ट झाले की तिचं चुंबकीय क्षेत्र अशक्त होतं. साध्या अंदाजाने वाटेल की मोटर हळू चालेल. होतं उलट. सिरीज मोटरमध्ये क्षेत्र अशक्त झालं की उलटा व्होल्टेज (फिरताना मोटरमध्येच तयार होऊन करंटला अडवणारा) कमी तयार होतो, मोटर जास्त करंट ओढते आणि बिनभाराने नेहमीपेक्षा वेगात फिरते. आवाज चढा येतो, मशीन 'जोरात' चाललेलं वाटतं. तो जास्तीचा करंट सगळा आर्मेचरमधून आणि कार्बनमधून जातो. कार्बन ठिणग्या टाकतो, कॉम्युटेटर काळा पडतो आणि आर्मेचर जळतं. फील्ड मात्र बाहेरून पाहिली तर बरी दिसते, कारण तिच्यावरच्या वार्निशला फारसं काही झालेलं नसतं. सेंटरच्या टेबलावर नेमकं हेच निसटलं. नवं आर्मेचर त्याच आजारी फील्डमध्ये बसवलं गेलं. बसवल्यानंतर बिनभाराचा वेग टॅकोमीटरने (फेऱ्या मोजायच्या मीटरने) मोजला असता तरी मशीनच्या माहितीच्या प्लेटवरच्या आकड्यापेक्षा जास्त निघाला असता आणि तिथेच शंका आली असती.

तिसरी तपासणी इन्सुलेशनची. प्लेटवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे म्हणजे मशीन दुहेरी इन्सुलेशनचं आहे. त्याला अर्थिंगची तार नसते, सुरक्षितता सगळी त्या दोन थरांवर. आर्मेचरच्या लोखंडी गाभ्यात आणि शाफ्टमध्ये प्लॅस्टिकची नळी असते. म्हणून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) फक्त कॉम्युटेटर आणि शाफ्टमध्ये लावून थांबू नका, कॉम्युटेटर आणि गाभा यांच्यामध्येही लावा. तारेचं इन्सुलेशन गेलेलं असूनही शाफ्टपर्यंतचं रीडिंग चांगलं येऊ शकतं, कारण दुसरा थर अजून उभा आहे. पहिला थर गेलेलं आर्मेचर मी पुन्हा वापरणार नाही, कितीही चांगलं चालत असलं तरी.

आर्मेचर रिवाइंड करून, म्हणजे तार नव्याने गुंडाळून मिळतं, पण या आकारात तो सौदा क्वचितच चांगला ठरतो. स्पिंडल (चकती बसते तो दांडा) मिनिटाला ११,००० फेऱ्या घेतं आणि आर्मेचर त्याच्या साधारण तिप्पट. कंपनी गाभ्यावर खाचा पाडून ते बॅलन्स करते. हाताने गुंडाळलेलं आर्मेचर तसं बॅलन्स केलं नाही तर थरथरतं, मागचं बेअरिंग खातं आणि कार्बन उडवतं. फील्ड वेगळी, ती फिरत नाही. तारेचा गेज आणि वेढ्यांची संख्या जुन्यावरून मोजून घेणारा चांगला वाइंडर असेल तर फील्ड रिवाइंड करायला हरकत नाही.

बेअरिंग, गिअर, ग्रीस

बेअरिंगचा नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, अंदाजाने मागवू नका. ६०७ चं बाहेरचं माप १९ मिमी, ६२७ चं २२ मिमी. आतलं भोक दोन्हींचं ७ मिमी, म्हणून चुकीचं बेअरिंग शाफ्टवर छान बसतं आणि बॉडीतल्या त्याच्या घरात (खोबणीत) ढिलं राहतं. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे नंबरामागे टू-आर-एस लिहिलेलं घ्या. नुसत्या पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये ग्राइंडिंगची धूळ लवकर शिरते. काढताना पुलर, बसवताना फक्त आतल्या कड्यावर दाब. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारून बसवलेलं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घायाळ असतं.

मागचं बेअरिंग रबरी टोपीत बसतं. ही टोपी छोटी आहे, पण तीच बाहेरचं कडं प्लॅस्टिकच्या घरात फिरू देत नाही आणि थरथर गिळते. कडक झालेली किंवा हरवलेली टोपी असेल तर आर्मेचर डुलतं. फील्डच्या आतल्या लोखंडावर चकचकीत घासल्याच्या खुणा दिसल्या तर हेच झालं आहे. नवं बेअरिंग जुन्या कडक टोपीत बसवून दुरुस्ती 'पूर्ण' करणारे बरेच आहेत.

पिनियन (आर्मेचरच्या टोकाचा छोटा गिअर) आणि मोठा गिअर एकमेकांवर झिजलेले असतात, म्हणून जोडीनेच बदलायचे. नवं आर्मेचर पिनियनसकट आलं तर दातांची संख्या आणि तिरकसपणाची दिशा जुन्याशी ताडून पाहा. मोठ्या गिअरचा एखादाच दात तुटला असेल तर मशीन फिरत असताना स्पिंडल लॉकचं बटण दाबलं गेलं असण्याची शक्यता आहे.

गिअरबॉक्समध्ये ग्रीस तृतीयांश ते अर्ध्या जागेपुरतंच, आणि कंपनीने सांगितलेल्या प्रकारचंच. पूर्ण भरलेल्या हेडमध्ये ग्रीस घुसळून तापतं, पातळ होतं आणि सीलमधून आर्मेचरकडे येतं. तेलकट कॉम्युटेटरवर कार्बनची धूळ चिकटली की पुन्हा तीच गोल फिरणारी ठिणगी.

जोडताना एक भाग हमखास टेबलावर राहतो: पंख्यापाशी हवा वळवणारी प्लॅस्टिकची कडी. तिच्याशिवाय मशीन चालतं, आवाजही नेहमीसारखाच. पण पंख्याने ओढलेली हवा फील्डमधून न जाता तिथल्या तिथे घुमते आणि मोटर विनाकारण तापते. दुरुस्तीहून आलेला ग्राइंडर आधीपेक्षा लवकर गरम होत असेल तर ही कडी आत आहे का ते पाहा.

कंपनीचा पाठिंबा

चांगलं आधी. या मॉडेलचं सुट्या भागांचं चित्र कंपनी मोकळेपणाने देते. प्रत्येक भागाला नंबर, प्रत्येक नंबरापुढे नाव. कार्बन, बेअरिंग, स्विच, आर्मेचर, फील्ड हे सगळं सुटं मिळतं. ही छोटी गोष्ट नाही. चित्र हातात असलं की दुरुस्ती करणारा आणि सेंटर एकाच भागाबद्दल बोलतात. मात्र चित्र मागताना मॉडेल नंबराबरोबर प्लेटवरचा टाइप नंबरही द्या. एकाच नावाखाली कंपनी मधेच आर्मेचरची लांबी, बेअरिंग किंवा स्विच बदलते आणि टाइप नंबर तेवढाच वेगळा असतो. मॉडेल बरोबर पण टाइप चुकीचा, म्हणून परत करावे लागलेले भाग हा दोन्ही बाजूंचा नाहक वेळ.

रबरी टोपी आणि हवेची कडी चित्रात नंबरासह आहेत, पण मागितल्यावर 'सुटी येत नाही' असं उत्तर मिळतं. ज्या दोन भागांवर नव्या आर्मेचरचं आयुष्य टिकून आहे, तेच साठ्यात नसणं चुकीचं आहे. आर्मेचरबरोबर ते एका पाकिटात द्यायला कंपनीला जड जाऊ नये.

हेल्पलाइनवरचा माणूस नम्र आहे, पण त्याच्यासमोर ठरलेली प्रश्नावली आहे. 'बंद पडलं' एवढंच सांगितलं तर उत्तर 'सेंटरला जमा करा' एवढंच येणार. त्यापेक्षा पहिल्याच वेळी लेखी पाठवा: प्लेटचा फोटो, बिल, दोष हळूहळू आला की अचानक, वास आला का, ठिणग्यांचा रंग, कोणत्या चकतीने काय कापत होता, एक्स्टेन्शन किती मीटरची आणि किती जाडीची. शेवटच्या मुद्द्याला लोक हसतात, पण ५० मीटर लांबीच्या ०.७५ चौरस मिमी तारेचा जाण्या-येण्याचा रोध सुमारे २.४ ओहम भरतो. चकती दाबल्यावर मशीन ८ अँपिअर ओढत असेल तर तारेतच १९ व्होल्ट जातात. मोटरचा वेग पडतो, पंखा त्याच शाफ्टवर असल्याने हवा कमी होते, आणि नेमकं तेव्हाच करंट वाढलेला असतो. हीच लांबी २.५ चौरस मिमी तारेची असती तर तोटा ६ व्होल्टच्या आत राहिला असता.

वॉरंटी नाकारताना सेंटरचा आवडता शब्द 'ओव्हरलोड'. तो खरा असू शकतो, पण त्याची खूण असते. ओव्हरलोडने जळालेल्या मशीनमध्ये आर्मेचरची सगळी वेटोळी एकसारखी काळी पडतात, आणि फील्डच्या दोन्ही कॉइलही बहुधा सारख्याच तपकिरी दिसतात. एकच वेटोळं जळालं, एकच पट्टी उचलली गेली, तारेचा एकच जोड सुटला, किंवा फील्डची एकच कॉइल शॉर्ट आहे, तर सगळा दोष वापरणाऱ्यावर टाकता येत नाही. जुना भाग आणि त्याचे फोटो मागून घ्या. नकाराचं कारण लेखी मागा. कार्बन, केबल अशा झिजणाऱ्या भागांना वॉरंटी नसते हे बरोबर आहे, पण कार्बन संपला म्हणून आर्मेचरची वॉरंटीही संपते असं कुणी सांगत असेल तर वॉरंटी कार्डावरची ओळ दाखवायला सांगा.

वॉरंटी चालू असेपर्यंत हेडचे स्क्रू आणि आतलं काहीही उघडू नका. मॅन्युअलमध्ये वापरणाऱ्याने करायची म्हणून कार्बन बदलायची पद्धत दिलेली असेल तर तेवढंच करा, आणि त्या पानाचा फोटो बिलाबरोबर ठेवा. या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये ती पद्धत आहे, तरी मागचा स्क्रू फिरवलेला दिसला की काउंटरवर प्रश्न विचारला जातो. कंपनीने आपल्याच सेंटरला आपलं मॅन्युअल वाचायला लावावं, ही अपेक्षा फार मोठी नाही.

एस्टिमेट येतं तेव्हा त्यात बहुतेक आर्मेचर, फील्ड, कार्बन आणि दोन्ही बेअरिंग अशी पूर्ण यादी असते, नाहीतर एकटं आर्मेचर. दोन्हींच्या मागे मोजमाप नसतं. त्यामुळे मंजुरी देण्याआधी तीन आकडे मागा: फील्डच्या दोन्ही कॉइलचे वेगवेगळे रोध, इन्सुलेशनचं रीडिंग, आणि जोडल्यानंतरचा बिनभाराचा वेग व करंट. चांगलं सेंटर हे विनातक्रार देतं. जे देत नाही, तिथे फक्त सुटे भाग विकत घ्या आणि काम मोजून करणाऱ्याकडे द्या.

डुप्लिकेट भागांबद्दल इतकंच. बेअरिंग कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचं चालतं, नंबर आणि सील बरोबर हवेत. कार्बन शक्यतो ओरिजिनलच घ्या. तांब्याचं प्रमाण जास्त असलेला कार्बन कमी व्होल्टेजच्या मोटरसाठी असतो, या मोटरमध्ये तो ठिणग्या वाढवतो आणि कॉम्युटेटर खातो. डुप्लिकेट आर्मेचर घेतलंच तर बसवण्याआधी वरची मिलिव्होल्टची तपासणी त्यावरही करा, पाकीट नवं आहे म्हणून सोडू नका. वेग राखणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेल्या मॉडेलमध्ये कार्ड जळालं म्हणून ते बायपास करायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. काही मोटरी कार्डाच्या लगामावरच ठरलेल्या वेगात राहतात. थेट पूर्ण व्होल्टेज मिळाला की स्पिंडल चकतीवर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतं. १०० मिमीच्या चकतीवर ८० मीटर प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला सुमारे १५,३०० फेऱ्या, ही मर्यादा छापलेली असते.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना चकती लावू नका. दोन मिनिटं बिनचकतीचं चालवून आवाज आणि ठिणग्या पाहा, हेडला हात लावून ताप पाहा. मग प्लग काढून गार्ड आणि नवी चकती लावा, चेहरा चकतीच्या रेषेबाहेर ठेवून आणखी एक मिनिट चालवा. काम संपल्यावर लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट मोकळं फिरू द्या, पंख्याला आतली उष्णता बाहेर टाकायला तेवढा वेळ लागतो.